पाण्याचा निकाल

आमच्या स्वयंपाकघरातली मोझेकची फरशी आजोबांनी बसवून घेतली होती. दहा इंची, पिवळसर, मधे तपकिरी खडे. ती बसवणारा कडिया, म्हणजे गवंडी, आईच्या आठवणीत देवमाणूस आहे. दोन दिवस म्हणाला तर दोनच दिवसांत काम उरकणारा, आणि हातात येईल तो चहा मुकाट्यानं पिणारा. असा एक कडिया प्रत्येक घराच्या भूतकाळात असतोच. त्याच्याशी तुलना झाली की आजचा कोणताही कारागीर उभ्या जागी नापास.

गेल्या वर्षी ओट्यासमोरच्या तीन फरशा खचल्या. मटार सोलताना एखादा दाणा निसटला तर तो कुणी न ढकलता देवघरापर्यंत जायचा. आईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नैवेद्य आपल्या पायांनी जातोय, म्हणायची. पण एकदा ती स्वतःच त्या उतारावर घसरली, आणि फरशी बदलायची ठरली.

इथे माझी योग्यता सांगायला हवी, कारण पुढचे घोटाळे तिच्यातून झाले. मी जन्मानं बडोदेकर. दमाजीराव गायकवाडांनी १७३४ साली बडोदं कायमचं ताब्यात घेतलं, तेव्हापासून मराठी माणूस इथे आहे, आणि दांडिया बाजारात तर तो इतका मुरलाय की आमच्या मराठीत खिडकीला बारी म्हणतात आणि उसळीवर शेव पडल्याशिवाय ती उसळ वाटत नाही. तेव्हा दोन्ही भाषा मला आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या. मधली तीस वर्षं नोकरीपायी मिरजेत गेली, ही किरकोळ बाब. निवृत्त होऊन परत आलो तो मिरजेची बायको घेऊन. तिला गुजराती येत नाही, पण समजतं, असं तिला वाटतं. आणि मला ते बोलता येतं, असं मला वाटतं.

कडिया आला तो पादरा या गावाकडचा, साठीचा, मितभाषी. बायको म्हणाली, "फरशी बदलायची आहे."

"फरसी?" तो माझ्याकडे बघत म्हणाला. "ए तो फरसाणवाळाने त्यां मळशे, बेन."

गुजरातीत फरसी पुरी असते, खुसखुशीत, चहाबरोबर खायची. त्याला फरशी कळली होती, हे त्याच्या मिशीवरून दिसत होतं. बडोद्यात चाळीस वर्षं काम करणाऱ्या कडियाला मराठी फरशी कळत नाही, असं कसं होईल? पण मी लगेच मधे पडलो आणि भाषांतर केलं, "लादी." त्या क्षणी दुभाषा म्हणून माझी नेमणूक झाली. त्या पदावरून मला कुणी काढलं नाही, यातच सगळी चूक आहे.

पहिला घोटाळा तसा जुनाच. तो म्हणाला, "काले आवीश." बायकोनं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वयंपाकघर रिकामं करायच्या ऐवजी मला विचारलं, "काल आला होता म्हणतोय, मग आपण कुठे होतो?" गुजरातीत काले म्हणजे कालही आणि उद्याही. नुसतं क्रियापद बघून ओळखायचं की माणूस गेलाय की येणार आहे. बोलताना अंदाज येतो, तिढा पडतो तो निरोपात, आणि आमच्याकडे सगळे निरोपच असत.

कामाचे पहिले दोन दिवस मात्र फार छान गेले. जमिनीची पातळी काढायला त्याच्याकडे लेझरबिझर काही नव्हतं. पारदर्शक नळीत पाणी भरलेलं, एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. तो देवघराच्या भिंतीशी, मी ओट्याशी. पाणी दोन्हीकडे डोलतं, डोलतं आणि थांबतं. तो ओरडायचा, "बराबर?" मी ओरडायचो, "बरोबर!" मग दोघंही पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारायचो. ओट्यापासून देवघरापर्यंत जमीन दोन इंच उतरली होती, म्हणजे मटार खोटं बोलत नव्हता. इतका निर्मळ संवाद माझा त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाशी झाला नाही.

मग बायकोनं गुजराती बोलायचं मनावर घेतलं.

तिचा हेतू शंभर टक्के चांगला होता, हे आधीच लिहून ठेवतो. स्वयंपाकघराआधी बैठकीच्या खोलीचीही फरशी बदलायची होती; तिथे तो मोरबीची दोन बाय दोनची लादी बसवत होता. खाली रेती-सिमेंटचा थर, त्यावर लादी, रबरी हातोडीचे हलके ठोके, मग कान खाली नेऊन लेल्याच्या, म्हणजे थापीच्या, मुठीनं टकटक. आवाज भरीव आला तर पुढे, पोलं वाजलं तर लादी उचलायची, खाली मूठभर माल टाकायचा, पुन्हा ठेवायची. एकच लादी त्यानं तीनदा उचलली. कुणी बघत नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं. बायको चहा घेऊन दारात उभी होती. माणूस आपल्या कामात इतका रमलेला बघून तिला भरून आलं, आणि तिनं आयुष्यातलं पहिलं संपूर्ण गुजराती वाक्य जुळवलं :

"भाई, तमने आ काम आवडे छे?"

त्यानं लेलं खाली ठेवलं. तिच्याकडे बघितलं. "बेन, चाळीस वरसथी आ ज करुं छुं," म्हणाला, हात धुतले, डबा उचलला आणि गेला. चहा तसाच.

संध्याकाळी बायकोनं मला हे कौतुकानं सांगितलं. "किती विनय बघा. आवडतं का विचारलं तर म्हणाला, चाळीस वर्षं हेच करतोय. याला म्हणतात निष्ठा."

दुसऱ्या दिवशी निष्ठा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर म्हणाला, "पहेलां बेनने पूछी जुओ, मने आवडे छे के नथी आवडतुं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मिरजेच्या तीस वर्षांनी त्याच्यावर किती धूळ साचली होती तेही दिसलं. गुजरातीत आवडणं म्हणजे येणं, जमणं. पोहायला आवडे छे म्हणजे पोहता येतं. मनापासून आवडतं, त्याला तिथे गमे छे म्हणतात. आणि आपल्याकडे न गमणं म्हणजे न करमणं. साठीच्या कारागिराला, एक लादी तीनदा उचलत असताना, मिरजेच्या बाईनं हातात चहा घेऊन विचारलं होतं : तुम्हाला हे काम येतं ना?

परक्या भाषेचं बरं असतं. कळत नाही हे तरी कळतं. तमिळ कारागीर असता तर दोघांनी हातवारे केले असते, कागदावर चित्रं काढली असती. मराठी-गुजराती म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन जावा. भांडी सारखी, मसाल्याचा डबा सारखा. फक्त कुठल्या वाटीत काय आहे ते वेगळं. अंधारात हात घातला की हिंगाऐवजी हळद.

रुसवा चालू होता तेव्हा मी संध्याकाळी सूरसागर तळ्याभोवती फेऱ्या मारत होतो. बडोद्यात हा दोन भाषांचा प्रश्न पूर्वी कुणाला पडलाच नसेल का? पडला होता. सयाजीराव महाराज स्वतः कवळाण्याहून बारा वर्षांचे असताना आले, आणि राजा होण्यासाठी मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असं सगळं एकदम शिकायला बसले. पुढे त्यांनी कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश करवून घेतला, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु', १९३१ साली. एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. हुकूम एक आणि अर्थ दोन, असं होऊ नये म्हणून केवढी ही खटपट! पण तो कारभाराचा कोश. कडिया रुसला तर कुठलं पान उघडायचं, हे बघायला मी ग्रंथालयात गेलो नाही.

आणि लक्ष्मीविलास पॅलेस? आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज अधिकाऱ्याचा, १८७८ साली काम सुरू; तो मध्येच वारला, मग रॉबर्ट चिझम आला. दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझेकची, त्यासाठी कारागीर इटलीहून. वर मराठी कारभारी, खाली गुजराती कडिये. त्या इटालियन माणसाला 'काले' कुणी समजावलं असेल? बांधकाम १८९० पर्यंत चाललं, बारा वर्षं. मला त्यात आता काही नवल वाटत नाही.

चौथ्या दिवशी मी स्वतः जाऊन त्याला घेऊन आलो. बायकोनं दारातच हात जोडले आणि मी घोकून घेतलेलं वाक्य म्हटलं, "तमारुं काम मने बहु गमे छे." तो लाजला. चहा प्याला, वर दुसरा मागितला. सगळं सुरळीत झालं आणि स्वयंपाकघराचं काम सुरू झालं.

त्या दिवशी मी आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी तिला घेऊन बँकेत होतो. टोकन हातात, आई बाकावर. फोन आला.

"रसोडामां बेन शुं कहे छे?"

मागून बायकोचा आवाज : "चौकडी! चौकडी हवी म्हणावं!"

"चोकडी जोईए छे," मी भाषांतर केलं. एक मात्रा बदलली की झालं, इतकी सोपी आपली भाषाभगिनी.

"केवडी?"

विचारलं. "फार बारीक नको. ठसठशीत दिसली पाहिजे."

"मोटी."

"बारी बाजुथी लऊं?"

"हो, बारीपासूनच घ्या." खिडकीकडून सुरुवात केली की नक्षी सरळ येते, एवढं मलाही कळतं.

"ने पाणीनो निकाल?"

एवढ्यात माझा नंबर पुकारला. गुजरातीत पाण्याचा निकाल म्हणजे पाणी वाहून जायची सोय, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण त्या क्षणी कानावर फक्त निकाल पडला, आणि मी घाईघाईत म्हणालो, "निकाल तमे ज लावी नाखो, भाई."

त्यानं लावला.

घरी आलो तर खिडकीखालच्या कोपऱ्यात जमीन फोडलेली. तीन फुटांचा चौकोन, वीतभर खोल, भोवती कोटा दगडाचा काठ, भिंतीत भोक, भोकात नळी. बायको ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्या हातात वहीचा कागद होता. कागदावर तिनं काळा-पांढरा चौकडा रंगवला होता, बुद्धिबळाच्या पटासारखा. लाद्या आणायच्या आधी दाखवावा म्हणून.

चौकडी म्हणजे चौकटींची नक्षी. चोकडी म्हणजे गुजराती घरात भांडी घासायची खोलगट जागा, बसून घासायची. आपली मोरी.

मला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, "हे न्यायमंदिर बघितलंस ना सूरसागरसमोर? तेही मुळात भाजीमंडई म्हणून बांधायला घेतलं होतं. मग त्यात कोर्ट बसलं." या दाखल्याचा काही उपयोग झाला नाही.

कडियाला मात्र काही चुकलंय हे ठाऊकच नव्हतं. तो आपल्या कामावर खूश होता. "जुओ साहेब, भींत खोली तो जूनो निकाल मळी गयो," म्हणाला. भिंतीत नवं भोक पाडायची गरजच पडली नव्हती. मोझेकखाली, नेमकं तिथेच, जुनं गटाराचं तोंड विटांनी बुजवलेलं सापडलं होतं.

आई काठी टेकत पुढे आली. वाकून भोकात बघितलं.

"ही आमची मोरी," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा होती. इथे बसून मी भांडी घासायची, खिडकीतून रस्ता दिसायचा."

"मग बुजवली कुणी?"

"त्यानंच. मोझेक बसवणाऱ्यानं. मी मामंजींना म्हणाले होते, ओटा करून द्या. त्यांनी त्याला सांगितलं, सून उभ्यानं काम करणार आहे. आला, मोरी बुजवली, ओटा बांधला. मला दोन्ही हवं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मामंजींपुढे? आणि गुजरातीत?"

म्हणजे देवमाणूसही निरोपावरच काम करत होता. तेव्हापासून आईच्या गोष्टींत त्याचं नाव फारसं येत नाही.

चोकडी राहिली. मोरबीच्या काळ्या-पांढऱ्या लाद्याही आल्या, एक फुटाच्या. बायकोनं कागद त्याच्या नाकासमोर धरला, तेव्हा तो बराच वेळ बघून म्हणाला, "आने तो शतरंज कहेवाय, बेन. चोकडी क्यां कहेवाय?" पण बसवल्या त्यानं सुरेख, सगळ्या स्वयंपाकघरात, आणि राहिलेल्या चोकडीच्या तळाशीही, पट न मोडता. सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरून जाताना म्हणाला, "सवारे पोतुं मारी देजो." बायकोनं आधी खात्री करून घेतली की पोतुं म्हणजे ओलं फडकं, आपलं गोणपाटाचं पोतं नव्हे. ती आता कुठलाच शब्द ओळखीचा धरत नाही.

एकच उणीव राहिली. चोकडीतल्या एका पांढऱ्या लादीवर पाणी साचतं, ढाळ जरा कमी पडलाय. आई तिथे पाटावर बसून तिच्या दोन-चार वाट्या विसळते, खिडकीतून रस्ता बघते आणि ते पाणी हातानं भोकाकडे लोटते. मागच्या महिन्यात मी फोन केला. "काले आवुं छुं," तो म्हणाला. तेव्हापासून आई रोज सकाळी एक कप चहा जास्तीचा टाकते. बायकोचं म्हणणं, मराठीत ऐकलं तर तो येऊन गेलाय.