घरबसल्या अटक

सात-बाराच्या एका उताऱ्यासाठी ज्यांनी तलाठ्याच्या चावडीचे उंबरे झिजविले आणि हयातीचा दाखला देण्यासाठी जे दरसाल स्वतःचा जिवंत देह घेऊन रांगेत उभे राहिले, त्या आमच्या करवीर नगरीतील पेन्शनर मंडळींवर सरकारची मर्जी अलीकडे एकाएकी बहाल झालेली दिसते. कारण पूर्वी अर्ज-विनंत्या करूनही ज्याचे दर्शन दुर्लभ असे, तो अंमलदार आता संपूर्ण गणवेशात मोबाइलच्या पडद्यावर आपण होऊन प्रकट होतो, ‘सर’ म्हणून संबोधितो आणि आपणांस ‘डिजिटल अरेस्ट’ करण्यात आली असल्याचे अत्यंत अदबीने कळवितो.

या अटकेची व्यवस्था मोठी सोयीची आहे. आपल्या नावे निघालेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, आपल्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळ्या पैशाचा हवाला झाला आहे, असा आरोप प्रथम वाचून दाखविला जातो. त्यानंतर आरोपीने स्वतःच्याच दिवाणखान्यात, स्वतःच्याच विजेवर व स्वतःच्याच डेटावर, कॅमेऱ्यासमोर अहोरात्र बंदिवास भोगावयाचा आणि मोडलेल्या मुदत ठेवी ‘पडताळणीसाठी’ सांगितलेल्या खात्यात भरावयाच्या असतात. बिंदू चौकातील सबजेलमध्ये कैद्याला निदान भाकरी सरकारी खर्चाने मिळते. येथे तीही घरची!

लक्ष्मीपुरीच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून घटकाभर हुज्जत घालणारा, आमदारापासून पंचापर्यंत कोणालाही खडे बोल सुनावणारा कोल्हापूरकर या पडद्यावरील फौजदारापुढे मात्र असा नमतो की, जन्मभराची पुंजी पाठवूनही त्याला साधी पावती मागण्याचे धैर्य होत नाही. यात कोल्हापूरनेच लाजावे असे नाही. 2024 साली लुधियानाचे वयोवृद्ध उद्योगपती एस. पी. ओसवाल यांच्यापुढे ठकांनी तोतया सरन्यायाधीशांसह सर्वोच्च न्यायालयाचा अख्खा देखावा उभा केला आणि सात कोटी रुपये नेले. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये खऱ्या सर्वोच्च न्यायालयालाच या प्रकारांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

वस्तुतः अशी अटक या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे राज्यघटनेच्या 22 व्या कलमाने बंधनकारक केले आहे, आणि पैसे घेऊन निर्दोषत्व तपासण्याची तरतूद त्यात कोठेही नाही. परंतु कलमे पाठ नसणाऱ्यांनी एक व्यवहारी कसोटी ध्यानी ठेवावी: ज्या सरकारी कामात हेलपाटा नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही आणि ‘उद्या या’ नाही, ते काम सरकारी असणे शक्य नाही.

या साऱ्या कारस्थानाची खरी मेख मात्र एका अटीत आहे: कोणास काही सांगावयाचे नाही. घरातील कर्त्या मुलाला, शेजाऱ्याला किंवा बँकेतील कारकुनाला ही हकिगत कळली, तर पहिल्याच प्रश्नाला या न्यायालयाचा डोलारा कोसळेल, हे ठकांना पक्के ठाऊक असते. म्हणूनच ज्या शहरात कोणाकडे कोणते स्थळ सांगून आले आणि कोणाच्या घरी कितीला फ्रीज आला याची वार्ता सायंकाळपर्यंत रंकाळ्याच्या कट्ट्यावर पोहोचते, तेथे ही अट पाळली जावी हा नागरी संस्कृतीचा दारुण ऱ्हास होय. आजवर आम्ही ज्या भोचकपणाची निंदा केली, तोच ठेवीदारांचा विनावेतन पहारेकरी आहे.

तरी सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, असा फोन येताच तो बिनदिक्कत बंद करावा आणि घडला प्रकार पेठेत मोठ्याने सांगावा. पैसे गेलेच असतील, तर अब्रूचा विचार करीत न बसता तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती गोठविता येते, आणि ठक काही ‘उद्या या’ म्हणत नाहीत.