दात वगळून दंतवैद्य

लेकीला बीडीएसला घालायचं म्हणजे नीट, आणि नीट म्हणजे बापाने पुण्याचा आप्पा बळवंत चौक गाठायचा. (एमबीबीएस हुकलं की दात, असं कुणी म्हणत नाही, फक्त तसा फॉर्म भरतात.) दुकानदार काही न विचारता काउंटरवर थप्पी रचू लागतो: एच. सी. वर्मांचे दोन भाग, जुन्या पेपरांचे संच, त्यावर ‘ऑब्जेक्टिव्ह’चे ठोकळे. एनसीईआरटी मागितली की त्याचा चेहरा उतरतो. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आणि त्यासाठी सगळे शिक्षक याच पुस्तकाकडे बोट दाखवतात. पण स्वस्त पुस्तकावर आपला विश्वास बसेल तर शपथ! नातेवाइकांना सांगायचं तरी काय?

खरी गंमत पुढेच आहे. अकरावीच्या त्या पुस्तकात ‘पचन आणि शोषण’ नावाचा धडा होता. माणसाच्या दातांचं सूत्र त्यातच: वर २१२३, खाली २१२३. पुस्तकाचा भार हलका करताना तो धडा गळाला. २०२४च्या नीटपासून परीक्षेच्या अभ्यासक्रमातूनही गेला. बेडूक मात्र शाबूत आहे, त्याच्या पचनसंस्थेसकट. भावी दंतवैद्याला बेडकाचं आतडं तोंडपाठ हवं. माणसाच्या तोंडाचं पुढचं पुढे बघू.

धडा असलेली जुनी आवृत्ती विचारली, तर दुकानदार म्हणाला, “साहेब, ती रद्दीत गेली. हे घ्या, नवीन ‘ऑब्जेक्टिव्ह’.”