वाचक असावा तर असा

मराठी संपादकांची एक जुनी रड आहे: वाचक वाचत नाही. अग्रलेख तर मुद्रितशोधकाशिवाय कुणी वाचत नाही, आणि तोही पगारापुरता. अशा दुःखी जीवांनी मेक्सिकोतल्या सिनालोआ राज्यात बदली मागून घ्यावी. तिथला वाचक ओळ न् ओळ वाचतो. आपल्या टोळीचं नाव वर की खाली, सगळं मोजतो. आणि पत्र पाठवून ते छापून यायची वाट बघत नाही, स्वतः येतो.

कुलियाकानचं 'रिओदोसे' हे साप्ताहिक घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी ड्रगमाफिया दामासो लोपेसच्या दूताची मुलाखत छापायला घेतली. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांकडून, म्हणजे माफियासम्राट एल चापोच्या मुलांकडून निरोप आला, छापू नका. यांनी छापली. तर त्या पोरांच्या माणसांनी स्टॉलवरचे अंक पैसे मोजून उचलले. अंक हातोहात संपला असं आपल्याकडे दिवाळी अंकांचे संपादकच म्हणतात, आणि गठ्ठे त्यांच्याच माळ्यावर असतात.

मुलाखत घेणारे हाविएर वाल्देस. १५ मे रोजी भर दुपारी, कार्यालयाजवळच, त्यांना मोटारीतून खेचून बारा गोळ्या घातल्या. सिनालोआत नद्या अकरा, म्हणून साप्ताहिकाचं नाव 'बारावी नदी'. नावाचा अर्थसुद्धा ध्यानात ठेवणारा वाचक कुठे मिळतो? गंमत (गंमतच म्हणायचं) अशी, की सुपारी दिल्याचा आरोप चापोच्या मुलांवर नाही, दामासोच्या मुलावर आहे. त्याने तो नाकारलाय. वाल्देस यांनी लेखात त्याची टर उडवली होती. म्हणजे एका वाचकाला मुलाखत खटकली, दुसऱ्याला विनोद. विनोदी सदरं लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी. मी घेतली.

सरकार काही करत नाही असं मात्र नाही. २०१२ पासून संरक्षणाचा कायदा आहे, पत्रकाराला पॅनिक बटण मिळतं. दाबायला सवड मिळावी, एवढीच अट.

वाचकांची आवड ओळखण्यात सर्वांत पुढे गेलं ते मेक्सिकोतल्याच सिउदाद हुआरेस शहराचं दैनिक 'एल दिआरिओ'. दोन वर्षांत दुसरा सहकारी मारला गेल्यावर, सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी टोळ्यांना उद्देशून थेट अग्रलेखच लिहिला. या शहराचे खरे सत्ताधीश तुम्हीच, तर सांगा, आम्ही काय छापावं आणि काय छापू नये? यावर केंद्र सरकारचे प्रवक्ते लगेच बोलले: गुन्हेगारांशी तडजोड करणं कुणालाही शोभत नाही. पत्रकार मेल्यावर नाही, पण अग्रलेख आल्यावर सरकार इतक्या तत्परतेने हललं. बघा, अग्रलेख वाचले जातात.