युनो

वृत्तपत्राच्या कचेरीत इंटर्न दोन जातींचे येतात. एक प्रमाणपत्रासाठी, दुसरे जग सावरायला. जानेवारी २०२४मध्ये नाशिकला आमच्या डेस्कवर आलेला दुसऱ्या जातीचा. पहिल्याच संध्याकाळी त्याने चहावाल्या अण्णांना सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार समजावला. अण्णा म्हणाले, "म्हणजे पाचातला एक जण नको म्हणाला की कुणालाच चहा नाही?" तेव्हापासून त्याचं नाव 'युनो' पडलं.

एजन्सीची दहा ओळींची कॉपी मराठीत करायला दिली, की युनो आधी दोन परिच्छेद पार्श्वभूमी लिही. त्यात पहिलं महायुद्ध हटकून येई. मुख्य उपसंपादक मॅडम मुकाट्याने कापत जात.

"मॅडम, सायक्स-पिको करार गेला!"

"जाऊ दे. १९१६ साली झालाय, आजच्या अंकात नसला तरी चालेल."

तेव्हा तांबड्या समुद्रात येमेनचे हुथी बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते. युनोला त्यावर अर्धं पान हवं होतं. मॅडमनी त्याला द्राक्षांचे भाव आणायला पिंपळगाव बसवंतला पिटाळलं. एवढंसं तोंड करून स्वारी एसटीत बसली.

पॅकहाऊसमध्ये बायका घडातले खराब मणी कात्रीने टिपून काढत होत्या. युनोने वही उघडण्याआधीच निर्यातदाराने त्याला धरलं. "पेपरवाले ना? मग सांगा, तांबड्या समुद्राच्या त्या बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीचं काय होणार?" युनो खुलला. इराण, सौदी, शीतयुद्ध असं सुरू झालं.

"ते राहू द्या हो! कंटेनर आता आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला जातोय. दोन आठवडे जादा लागतात, भाडंही वाढलंय. माल मऊ पडला की तिकडचं गिऱ्हाईक भाव पाडणार. रस्ता कधी खुला होणार, तेवढं बोला."

युनो पहिल्यांदाच गप्प बसला आणि लिहून घेऊ लागला.

रात्री आलेल्या त्याच्या बातमीत ब्रिटिशांनी १८३९ साली एडन कसं घेतलं, ते सुरुवातीलाच होतं. मॅडमनी ते उडवलं. उरलेली बातमी पहिल्या पानावर लागली, बायलाइनसकट.

परराष्ट्र धोरण शिकायला पोरांना दिल्लीला जरूर धाडा. पण त्याआधी द्राक्षांच्या हंगामात एकदा पिंपळगावला पाठवा. तिथे व्याख्यान फुकट मिळतं, आणि देणाऱ्याचा स्वतःचा पैसा समुद्रात अडकलेला असतो.