बालकलावंताची चौथाई

मोगल सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखी बसवून महसुलाच्या पस्तीस टक्क्यांवर हक्क सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांचा पराक्रम ज्यांना मुखोद्गत आहे, त्यांनाच केंद्र सरकारने २०१७ साली बालकामगार नियमांत दुरुस्ती करून दाखविलेल्या औदार्याचे खरे मोल कळेल. कारण त्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील बालकलावंताला परमुलखाच्या नव्हे, तर स्वतःच्याच कमाईतील किमान वीस टक्के हिस्सा बहाल केला आहे. ही रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जमा व्हावी व तो सज्ञान होताच त्याच्या हाती पडावी, असे फर्मान आहे. उरलेल्या ऐंशी टक्क्यांविषयी नियमाने जे मौन पाळले आहे, ते पालकांच्या सुसंस्कृतपणावरील विश्वासाचेच द्योतक मानावयाचे.

अमेरिकेत असा विश्वास टिकला नाही. चॅप्लिनसमवेत १९२१ सालच्या ‘द किड’मध्ये चमकलेल्या जॅकी कूगनने सज्ञान झाल्यावर हिशेब मागितला, तेव्हा अज्ञान मुलाची कमाई कायद्याने आईबापांचीच असते, हे त्यास समजले; १९३८ साली त्याने आई व सावत्र बापावर फिर्याद गुदरली, लक्षावधी डॉलरांतून सुमारे सव्वा लाख पदरात पडले आणि दुसऱ्याच वर्षी कॅलिफोर्नियाने त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. आमच्याकडची मुले अशी फिर्याद करीत नाहीत. संस्कार आडवे येतात. शिवाय वकिलाची फी कोणत्या वीस टक्क्यांतून द्यावयाची?

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये फाळक्यांचे चिरंजीव भालचंद्र रोहिताश्व झाले आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली, त्या काळी निर्माता व पालक एकाच देहात नांदत असल्याने निदान त्या दोघांत वाटणीचा तंटा उद्भवण्याचे कारण नव्हते. आता दोघे विभक्त झाले, म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, निर्मात्याचे हमीपत्र आणि पालकांची संमती असे दप्तर वाढले आहे.

परंतु नियमकर्त्यांच्या प्रतिभेचा खरा विलास कामाच्या मुदतीत दिसतो. दिवसाकाठी पाच तास, विश्रांतीविना तीन तास आणि सलग सत्तावीस दिवस, याहून अधिक काम बालकाकडून घेऊ नये! ही शेवटची संख्या थेट पंचांगातून उचलली असावी, अशी आमची नम्र समजूत आहे. अश्विनीपासून रेवतीपर्यंत एकेक नक्षत्र दिव्यांच्या झोतात काढून अठ्ठाविसाव्या दिवशी, तो रविवार नसल्यास, बालकाने शाळेत जाऊन मास्तरांस आपली ओळख करून द्यावी. शालेय शिक्षणात खंड पडू नये, असेही हेच नियम बजावतात, आणि दोन्ही कलमे एकाच कागदावर भांडणतंटा न करता नांदतात, हे आमच्या विधिलेखनाचे वैभव होय.

सुरक्षेचीही हयगय नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार इसम नेमावयाचा. तो निर्मितीसंस्थेच्याच पदरचा असल्याने मुलाचे हित आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक यांत विरोध आल्यास तो आपल्या धन्याशी किती निर्भयपणे झगडेल, हे सांगावयास नको. शेवटी चित्रपट दाखविताना, चित्रीकरणात बालकाचे शोषण वा हेळसांड होऊ नये म्हणून सर्व उपाययोजना केल्या होत्या, अशी पाटी निर्मात्यानेच झळकवावयाची असते. आरोपीकडूनच निर्दोषत्वाचा दाखला घेण्याची ही सोय बाकीच्या फौजदारी कामकाजासही लागू केल्यास न्यायालयांतील तुंबलेल्या खटल्यांचा निकाल दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच लागेल.