रिफ्रेश मारा, पुण्य मिळवा

संगणक हळू चालतोय? उजवं क्लिक करा, रिफ्रेश मारा. पुन्हा मारा. अजून चारदा मारा. मॉनिटरपुढे बसलेला प्रत्येक माणूस हा जप मनोभावे करत असतो.

रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा एकदा मांडली जातात. बस्स. वेग तसूभरही वाढत नाही. माऊसचं बटण तेवढं झिजतं.

मग पुढचा उपाय, वॉलपेपर. विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आठवते? चार्ल्स ओ'रिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात तो फोटो टिपला आणि २००१ मध्ये एक्सपीबरोबर तो जगभर घरोघरी पोचला. आपण त्या टेकडीवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हेच फायनल' अशी वस्ती उठवली.

टेकडी दिसेनाशी झाली. फायनल फाईल तर आजही सापडत नाही.

स्क्रीनसेव्हर कशाला असतो, कधी विचारलंय? जुन्या, मागे कुबड असलेल्या मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ राहिलं की काचेवर त्याचा कायमचा डाग पडे. त्यावरचा तो तोडगा होता. ते मॉनिटर कधीच भंगारात गेले. स्क्रीनसेव्हर मात्र रिकाम्या ऑफिसात आजही निष्ठेने फिरतायत. दहा मिनिटांनी पडदा आपोआप बंद होऊ द्या की! वीज वाचेल.

डार्क मोडवाल्यांनीही लगेच मान डोलवू नये. साध्या एलसीडी पडद्यात मागचा दिवा जळतच राहतो, पुढे काळं असो की पांढरं. डोळ्यांना बरं वाटतं म्हणून लावा. वीजबिलाचं निमित्त पुढे करू नका.

आता घरातल्या चिरंजीवांकडे वळू. कॅबिनेटला काच, आत लाल-निळे दिवे, पंख्यांतून इंद्रधनुष्य. दिव्यांनी वेग वाढत असता, तर आपल्याकडचा प्रत्येक गणेशोत्सव मंडप सुपरकॉम्प्युटर झाला असता.

पैसे खर्चायचेच आहेत ना? मग एसएसडी बसवा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, वरून सुई फिरते आणि सेकंदाला फार तर शे-दीडशे एमबी हाती लागतात. साधी साटा एसएसडीही पाचशेच्या घरात जाते, आणि तिच्यात फिरणारं काहीच नसल्याने शोधाशोधही चटकन होते. सात-आठ वर्षांचा डबा तरतरीत होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कुठलाही दुकानदार हेच सांगेल. अर्थात, तुम्ही नवाच संगणक घ्यायला आला नसाल तर.

पण एसएसडी पाहुण्यांना दिसत नाही. दिवे दिसतात.

रॅम वाढवायची म्हणता? आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरी सदा काठोकाठ भरलेली असेल तर वाढवा. पण ब्राऊझरमध्ये चाळीस टॅब उघडे असतील तर आधी ते मिटवा. एकाला पैसे लागतात, दुसऱ्याला शिस्त.

अर्थातच, लोक पैसे खर्च करतात.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचा कप्पा आहे. संगणक सुरू होताच कोणकोण न बोलावता उठतं, त्याची यादी तिथे मिळते. प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांचं ॲप, दोन वर्षांपूर्वी एका मीटिंगपुरतं उतरवलेलं काहीतरी. नको ते निवडा, 'डिसेबल' करा. खर्च शून्य. आणि खर्च शून्य असल्यामुळे, कुणी करतही नाही.

त्याऐवजी 'पीसी बूस्टर' उतरवला जातो. तो येताच घोषणा करतो की तुमच्या रजिस्ट्रीत शेकडो दोष आहेत. मग ते काढायला पैसे मागतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या असल्या सॉफ्टवेअरना खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. पण आपला विश्वास कुणावर? घाबरवणाऱ्यावर.

रोज रात्री न चुकता 'शट डाऊन' करणाऱ्यांनो, एक बातमी आहे. विंडोज ८ पासून बहुतेक संगणकांत 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं. त्यात विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवतात आणि सकाळी तोच पुन्हा उभा करतात. कालचं दुखणं आज ताजं! खरी नवी सुरुवात हवी तर 'रीस्टार्ट' करा. बंद केलेला संगणक नीट बंद होत नाही आणि पुन्हा सुरू केलेला होतो. या तर्काला आपण सरावलेले आहोत. सरकारी कचेऱ्या पाहिल्यात ना?

एकशे चव्वेचाळीस हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला तितक्यांदा चित्र बदलणारा मॉनिटर घेणारे हौशीही भेटतात. सेटिंग्जमध्ये डोकावलं तर तो साठवरच चालत असतो. बदलायला चार क्लिक लागतात. फरक आपल्याला जाणवतो, असं मालक मात्र पहिल्या दिवसापासून सांगत असतात.

खंडेनवमीला आपण सीपीयूला हळद-कुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. छान. त्याच दिवशी वायर काढून झाकण उघडलं, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवली, तर? संगणक तापायचा थांबेल, पंख्याची घरघर कमी होईल. पण नाही. वर्षभराच्या धुळीवर आपण कुंकवाचा एक थर चढवतो.

अक्षरं दिसत नाहीत म्हणून नाक पडद्याला टेकवणाऱ्या काकांनी डिस्प्लेचं स्केलिंग १२५ टक्के करून पाहावं. चष्म्याच्या नंबराआधी हा नंबर बदलणं स्वस्त.

आणि मराठी? विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आयताच मिळतो. भाषा निवडा, टाइप करा, जगात कुठेही वाचता येतं. तरीही आमचे पत्रव्यवहार जुन्या फाँटात होतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की हडप्पाची लिपी दिसते. मराठी टिकवायच्या परिषदेचं निमंत्रणही त्यातच आलेलं असतं.

शेवटचा बळी, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, ठरावीक प्रोसेसर लागतो. नसेल तर धडधाकट यंत्र एका तारखेत म्हातारं. विक्रेता म्हणतो, नवा घ्या. मुलगा म्हणतो, नवा घ्या.

त्याआधी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली पेनड्राइव्हवर घ्या, आत काहीही न बसवता चालवून बघा. टॅली किंवा विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर लागत असेल तर नाद सोडा. पण पत्रं, ईमेल, यूट्यूब एवढाच संसार असेल तर जुना डबा आणखी काही वर्षं खुशाल चालेल. फुकट.

अडचण तीच आहे. फुकट म्हटल्यावर कमिशन नाही, कमिशन नाही म्हणून विकायला कुणी दारात येत नाही. आणि ज्याची जाहिरात नाही, ते चांगलं कसं असेल?