नकार, पण लेखी

टॅक्सीचं परमिट नाकारलं म्हणून कोर्टात जायचं, तर आधी कुणीतरी ते रीतसर नाकारावं लागतं. आमच्या वऱ्हाडात घोडं नेमकं इथेच अडतं. तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे शोभत नाही. मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे संपवून ‘कळवतो’ म्हणून उठतात, उसने मागायला आलेल्याला ‘कापूस तर विकू द्या’ असं सांगितलं जातं आणि कचेरीच्या खिडकीतून ‘साहेब मीटिंगले गेले’ असा आवाज येतो. तिन्हींचा अर्थ सगळ्यांना कळतो, पण तिन्हींपैकी एकावरही अपील करता येत नाही.

कायदा मात्र फार सभ्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यातलं कलम ८० म्हणतं की परमिटचा अर्ज सहसा नाकारू नये. नाकारायचाच असेल तर अर्जदाराचं म्हणणं ऐकावं आणि कारणं लेखी द्यावीत. तो कागद हाती पडला की कलम ८९ खाली राज्य परिवहन अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं. हे न्यायाधिकरण मुंबईत. म्हणजे ज्याला स्वतःची टॅक्सी चालवता येत नाही त्यानं दुसऱ्याच्या टॅक्सीत बसून यवतमाळहून बाभुळगावमार्गे धामणगाव गाठायचं आणि तिथून मुंबईची रेल्वे धरायची. यवतमाळची हक्काची गाडी म्हणजे मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेजवरची शकुंतला, ११३ किलोमीटरची. ती बंद पडली. वर्ध्याकडून नवी ब्रॉडगेज निघाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचली. तिथं चिंतामणीच्या दर्शनाला थांबली असावी, असं आम्ही एकमेकांना सांगून समजूत घालत होतो. रेल्वेची ही तऱ्हा असल्यामुळेच या जिल्ह्यात चारचाकी टॅक्सीला, म्हणजे काळी-पिवळीला, एवढी किंमत.

आमच्या ओळखीतल्या एका जीपवाल्याला हे परमिट हवं होतं. बाकी सगळं त्याच्याजवळ होतं. माणसाचं लायसन होतं, खिशाला बिल्ला होता, गाडीचं पासिंग झालेलं होतं. परमिट तेवढं नव्हतं. माझं अक्षर बरं असल्याचा बोभाटा असल्यामुळे अर्ज लिहून घ्यायला तो माझ्याकडे येई.

“नाही म्हणाले असतील तर लेखी माग,” मी म्हटलं. “कारण लिहून द्यावंच लागतं त्यांना.”

“सर, नाही म्हनतच नाही ना कोनी! सारेच गोड बोलते. नाही म्हनले असते तं म्या आतालोक भांडून घेतलं असतं.”

त्याचं खरं होतं. ज्याला नकार मिळाला तो भांडू तरी शकतो. ज्याला चहा मिळाला त्यानं काय करायचं?

या परमिटचीही एक गंमत आहे. कायद्याच्या लेखी काळी-पिवळी ही कंत्राटी वाहतूक. भाडं ठरवायचं आणि इथून उचलून तिथं सोडायचं. टप्प्याटप्प्यानं माणसं चढवणं-उतरवणं हे एसटीचं काम. अशा मोठ्या टॅक्सीत, म्हणजे मॅक्सीकॅबमध्ये, चालक सोडून जास्तीत जास्त बारा जण, असंही कायद्यात लिहिलंय. आता घाटंजीच्या रस्त्यावर लागलेली जीप आठवा. “एक शीट, एक शीट” असा पुकारा होतो तेव्हा आत श्वास घ्यायला पाळी लावावी लागते. शिवाय चालकाच्या उजव्या हाताला, दाराच्या बाजूनं, एक सवारी अर्धी बाहेर असते. या सगळ्यांनी मिळून एक कंत्राट केलंय असं समजायचं. खिडकीजवळच्या जागेवरून त्यांचं जे चाललेलं असतं ते पाहता मला शंका येते.

नकार मिळाला नाही म्हणून अडलेला हा एक. पण दुसऱ्याला नकार मिळाला नाही म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेली माणसंही या देशात होऊन गेली. १९३९ च्या जुन्या कायद्यात नव्या परमिटचा अर्ज आला की त्या मार्गावरच्या जुन्या परमिटवाल्यांना हरकत घेता येई. ज्यांची पंगत बसली आहे त्यांनाच विचारायचं, आणखी पानं मांडू का? १९८८ च्या कायद्यानं ही सोय काढली आणि परमिटं सढळ हातानं द्यायचं ठरलं. तेव्हा जुने बसवाले खवळून उठले. १९९१ साली मिथिलेश गर्ग यांच्या याचिकेवर निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की गाड्या वाढल्या तर स्पर्धा होईल, प्रवाशांचं भलं होईल आणि तुमचा धंदा काही कुणी बंद केलेला नाही. हा निकाल मी आमच्या स्टँडवर सांगून पाहिला. कुणालाही आवडला नाही.

लेखी नकार मिळवण्याचं भाग्य महाराष्ट्रात ज्यांना लाभलं त्यात रॅपिडो ही दुचाकी टॅक्सीची कंपनी येते. तिनं पुण्याच्या आरटीओकडे परवाना मागितला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये अर्जाचा फेरविचार करायला सांगण्यात आलं आणि २१ डिसेंबरला नकार आला. कारण काय, तर राज्यात दुचाकी टॅक्सीचं धोरणच नाही आणि भाड्याचे दरही ठरलेले नाहीत. हा नकार मला फार आवडला. पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणणारी मंडळी कधी लेखी द्यायला बसली, तर याहून वेगळं काय लिहितील? १३ जानेवारी २०२३ ला उच्च न्यायालयानं सेवा थांबवायला लावली. कंपनी दिल्लीला गेली. दरम्यान १९ जानेवारीला सरकारनं अधिसूचना काढून खासगी गाड्यांच्या अशा वापरालाच बंदी केली. ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, त्या अधिसूचनेविरुद्ध पुन्हा उच्च न्यायालयात जा. एक नकार घेऊन दिल्ली गाठावी तोवर मागं दुसरा तयार! आमच्या जीपवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्याला आपल्या फाइलीबद्दल जरा बरं वाटलं.

परमिटच्या आधी भाषेची परीक्षा, असाही एक प्रकार होऊन गेला. २० फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकानं रिक्षाच्या परमिटसाठी मराठी येणं सक्तीचं केलं आणि १ मार्च २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. मुंबईकडे त्यावर मोठे वाद झाले. मी मात्र आमच्या पांढरकवड्याच्या चालकाला त्या परीक्षेला बसवून पाहत होतो. तो सवारीशी तेलुगूत बोलतो, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटीत भाव ठरवतो, कोलामांच्या पोडावरच्या म्हातारीशी कोलामी बोलतो आणि पोलिसाशी हिंदी. मराठी विचारली तर “मले येते ना बाप्पा” म्हणेल. परीक्षक पुण्याचा निघाला तर या ‘मले’वर पोरगा नापास.

तर रॅपिडोला जे धोरण नव्हतं म्हणून नकार मिळाला, ते धोरण २०२५ मध्ये आलं. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं ई-बाइक टॅक्सीला मान्यता दिली आणि जुलैत नियम निघाले. किमान एक लाख वस्तीची शहरं, आणि फेरी पंधरा किलोमीटरपर्यंतची. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ शहर १ लाख १६ हजारांच्या घरात, म्हणजे काठावर का होईना, आम्ही बसलो. स्टँडवर बातमी आधी थट्टेवारी गेली. पंधरा किलोमीटरमध्ये कळंबसुद्धा येत नाही, मग भ्यायचं कशाला? पण संध्याकाळपर्यंत कुणीतरी हिशेब मांडला की गावातल्या गावात, दवाखान्यापासून स्टँडापर्यंतची सवारी तर जाईलच.

दुसऱ्या दिवशी आमचा जीपवाला सकाळीच दारात उभा. एव्हाना त्याला परमिट मिळालेलं होतं. हातात कोरा फुलस्केप कागद होता.

“सर, एक अर्ज लिहून द्या. त्या बाइकवाल्याईले परवानगी देऊ नका म्हना. आन् हे पाहा, लेखी नाही पायजे आपल्याले. नुसतं ‘पाहू’ म्हनले तरी चालते.”